सुशीला हिला बागेत प्रवेश नाही

सासूबाईंना गावच्या बागेतून हाकलणारा नियम मी स्वतःच्या हाताने लिहिला, आणि तोही त्यांना वाचवण्यासाठी.

गावाचं नाव सांगत नाही. माझी पेन्शन अजून तिथूनच येते. एवढंच सांगतो, की लातूर जिल्हा नवा नवा झाला होता आणि आमचा तालुका उस्मानाबादेतून उचलून त्यात टाकला होता. जिल्हा नवा म्हटल्यावर विकास आलाच. पाऊस मात्र यायचा राहिला. विहिरी तळाला गेल्या. टँकर कधीतरी उगवायचा, आणि तो उगवला की गावातली सभ्य माणसं एकमेकांच्या घागरी लाथाडत पुढे सरकायची. अशा वेळी आमच्या नगरपालिकेने काय करावं? बाग केली! बागेत कारंजं होतं, आणि त्यात पाणी सोडून बाकी सगळं होतं. हिरवळ नव्हती, पण 'हिरवळीवर चालू नये' ही पाटी होती. लोक त्या पाटीला वळसा घालून धुळीतून चालायचे. कायद्याला मान देणारं गाव होतं आमचं.

मी त्या पालिकेत क्लार्क होतो. माझं मराठी शुद्ध आहे असा हापिसात एक गैरसमज होता (मास्तरकीच्या मुलाखतीत तो कुणाला झाला नाही, म्हणून तर मी पालिकेत), त्यामुळे गावात जेवढ्या नोटिसा लागत, त्या माझ्या हातच्या असत. 'येथे थुंकू नये' हे माझंच. लोकांनी त्यावर थुंकून आपलं मत नोंदवलं होतं.

तर त्या उन्हाळ्यात लोह्याहून माझ्या सासूबाई आल्या. लोह्याची त्यांची विहीर आटली, शेजारच्याची आटली, आणि ज्या तिसऱ्याकडे पाणी होतं त्याच्याशी त्यांचं आजोबांच्या काळापासूनचं भांडण होतं. तेव्हा आमच्या हिने, म्हणजे विमलने, जाऊन त्यांना अक्षरशः ओढून आणलं. आमच्याकडे सासूला मामी म्हणतात. मामी आल्या त्या गाठोडं काखेतून खाली न ठेवताच बोलल्या.

"जावईबापू, पाऊस पडेस्तोवर राहते. पर लेकीच्या घरचं फुकटचं अन्न माझ्या नरड्याखाली उतरत न्हाई. कायतरी धंदा बगा माझ्यासाठी."

"मामी, तुम्ही आराम करा."

"आराम मेल्यावर लई करायचाय."

लेकीच्या घरी आयतं बसून खायचं नाही, हा त्यांचा धर्म होता आणि त्यात सूट नव्हती. दोन दिवस त्या जेवायला बसल्या की नुसतं पाणी पिऊन उठायच्या. (दुष्काळात पाणी पिऊन उठणं हा आणखी महाग प्रकार, पण हे त्यांना कोण सांगणार?) तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच वाट काढली. पातेलंभर सुशीला केली, डोक्यावर घेतली आणि बागेतल्या एकुलत्या एका लिंबाखाली जाऊन बसल्या.

सुशीला म्हणजे काय, हे मराठवाड्यात सांगायची गरज नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. मुरमुरे पाण्यात बुडवून लगेच पिळायचे, मोहरी, मिरची, कांदा, हळद, शेंगदाण्याची फोडणी घालायची, आणि वरून डाळव्याचं पीठ भुरभुरायचं. पोह्यांची गरीब बहीण म्हणा. पण मामींच्या हातची सुशीला खाल्ली की पोहे हे श्रीमंतांचं दुर्दैव आहे असं वाटायचं. आठवडा गेला नाही तोच गाव संध्याकाळी बागेकडे वळायला लागलं. शाळामास्तर, आडतीवरचे हमाल, कोर्टातले वकील, सगळे लिंबाखाली. मामी आता ताठ मानेने आमच्याकडे जेवत. खोटं कशाला बोलू, त्या बाईचा मला धाक होता आणि लळाही लागला होता. त्यांनी लोह्याच्या त्या कोरड्या विहिरीपाशी एकटं राहावं, हा विचारही मला सोसत नव्हता.

आणि इथे साहेब आले.

आमचे नवे मुख्याधिकारी पुण्याहून बदलून आले होते. माणूस सरळ होता, पण शिस्तीचा. शिस्त ही पुण्याहून येताना सामानात बांधून आणायची वस्तू आहे आणि इथे ती मिळत नाही, अशी त्यांची समजूत होती. पहिल्याच आठवड्यात त्यांनी बागेत चक्कर मारली आणि मला बोलावलं.

"सूर्यवंशी, ही बाग आहे की बाजार?"

"दोन्ही आहे, साहेब."

"जिल्ह्याचे साहेब कधीही भेट देतील. बागेत खाद्यपदार्थ विकणाऱ्यांना नियम हवेत. लिहा."

मी लिहू लागलो. कागद इकडेतिकडे टाकू नयेत. चूल पेटवू नये. भोंगा वाजवू नये. दुष्काळ लक्षात घेता बागेत फक्त कोरडे पदार्थ विकावेत, ओले पदार्थ विकण्यास मनाई आहे. इथे माझा हात थबकला. उसाचा रस गेला, सरबत गेलं, पाणीपुरी गेली, ते ठीक. पण भिजवून पिळलेले मुरमुरे? ते ओल्यात धरायचे की कोरड्यात? पिळले म्हणजे कोरडे म्हणावेत, तर भिजवले होते. भिजवले म्हणजे ओले म्हणावेत, तर पिळले होते.

"आणि शेवटचा नियम," साहेब म्हणाले, "पालिकेच्या कर्मचाऱ्यांच्या नातेवाइकांना बागेत जागा मिळणार नाही. वशिलेबाजी मला खपत नाही."

माझ्या अंगाला दरदरून घाम फुटला. त्या दिवसांत घामसुद्धा वाया घालवण्याची चीज नव्हती. सासू ही नातेवाइकात मोडते का, हे विचारावंसं वाटलं, पण उत्तर मला माहीत होतं. नातं तर लपवता येईल, निदान ओल्या-कोरड्याची भानगड तरी मिटवून टाकू, असा विचार करून मी नियमांची पक्की प्रत काढताना माझ्या शुद्ध मराठीत एक छोटंसं कलम घुसडून दिलं. 'सुशीला वगळता अन्य ओल्या पदार्थांस मनाई राहील' असं साधं सरळ लिहिलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. पण शुद्ध लिहिण्याची खाज! मी लिहिलं, 'सदरचा नियम सुशीला हिला लागू राहणार नाही.'

साहेबांनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"ही सुशीला कुणाची?"

आता माझी चूक बघा. सुशीला ठाऊक नसलेला माणूस या पृथ्वीवर असेल, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. मला वाटलं, साहेब विचारताहेत की हे पातेलं कुणाचं. म्हणजे नातं उघडं पडणार! मी गडबडलो.

"कुणाची म्हणजे... तशी ती सगळ्यांचीच आहे, साहेब."

"सगळ्यांची?"

"म्हणजे आपल्या भागात घरोघरी असते."

तेवढ्यात आमचा शिपाई मकबूल चहा घेऊन आला. साहेबांनी मोर्चा त्याच्याकडे वळवला.

"मकबूल, तुला सुशीला माहीत आहे?"

"हौ साब. सबकू मालूम."

"बागेत असते?"

"रोज शाम कू. लोगां लाइन लगाते ना साब. वकील लोगां बी आते."

"वकीलसुद्धा?"

"जज साब के घर कू तो डब्बे में जाती."

साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. "आणि ती राहते कुठे?"

मकबूलने निरागसपणे माझ्याकडे बोट केलं. "इनके घर सेच तो आती, साब."

झालं. मी मान खाली घातली. आता सासूचं नातं निघणार, पातेलं बंद होणार, मामी लोह्याला जाणार. साहेब अगदी हळू आवाजात म्हणाले, "सूर्यवंशी, तुमच्या पत्नीला हे ठाऊक आहे?"

"हो साहेब. तीच तर कांदा चिरून देते."

साहेबांनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाले, "तुमच्या खासगी आयुष्याशी मला कर्तव्य नाही. पण बाग सार्वजनिक आहे. जा तुम्ही. हे कलम मी बघतो."

मी बाहेर आलो तो हवेत तरंगतच. नातं कळूनही साहेब काही बोलले नाहीत, म्हणजे केवढा दिलदार माणूस! घरी जाऊन मी छाती फुगवून विमलला सांगितलं, "मामींचं काम करून टाकलं. साहेब आपल्या शब्दाबाहेर नाहीत." मामींनी त्या रात्री माझ्या ताटात दोन भाकरी जास्तीच्या वाढल्या.

दोनच दिवसांत बागेच्या फाटकावर पाटी लागली. निळ्या रंगावर पांढरी अक्षरं, खाली 'हुकुमावरून, मुख्याधिकारी'. सगळे नियम माझ्याच भाषेत होते. फक्त माझं कलम साहेबांनी आपल्या हाताने सुधारलं होतं.

'सुशीला हिला बागेत प्रवेश नाही.'

मी पाटी वाचली, आणि मग कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. साहेबांना सुशीला ही बाई वाटली होती. म्हणजे माझ्या घरात राहणारी, रोज संध्याकाळी बागेत बसणारी, जिच्यासाठी वकील रांग लावतात आणि माझी बायको कांदा चिरते, अशी बाई! धावत जाऊन खुलासा करावा, तर साहेबांचा पहिला प्रश्न आला असता, की मग विकतं कोण? खुलासा केला तर सासू जाते, न केला तर अब्रू जाते. मी सरकारी माणूस. मी काहीच केलं नाही.

गावाने पाटीचा अर्थ आपापल्या परीने लावला. खाणाऱ्यांनी घेतला तो सरळ होता, सुशीला बंद. मामींचं पातेलं फाटकावरूनच परत आलं. फाटकावर मकबूलची नेमणूक झाली होती, आणि त्याला साहेबांनी बजावलं होतं, की सुशीला नावाची बाई आत जाता कामा नये. मकबूल हुकमाचा पक्का. त्याने येणाऱ्या प्रत्येक बाईला नाव विचारायला सुरुवात केली.

"नाम क्या, बाई?"

"तुला काय करायचंय रे मुडद्या?"

"साब का हुकूम है. सुशीला होंगे तो नक्को."

एका म्हाताऱ्याला त्याने बायकोचं नाव विचारलं, तर तो उखाणा घेतल्याशिवाय नाव सांगेना, आणि उखाणा काही आठवेना. दोघं फाटकातच बसून राहिले. सुशीला नावाच्या ज्या बायका गावात होत्या, त्यांनी तर कहर केला. बालवाडीच्या सुशीलाबाई थेट हापिसात आल्या आणि माझ्याच टेबलासमोर उभ्या राहिल्या. "मी तुमच्या बागेतलं काय उपटलं?" म्हणून त्यांनी विचारलं. बागेत उपटण्यासारखं काही नव्हतंच, पण हे मी बोललो नाही.

घरी आलो तर मामी गाठोडं बांधत होत्या.

"जावईबापू, काम केलंसा लई झ्याक. म्या निगाले सांजच्या गाडीनं."

"मामी, तिथे पाणी नाही हो."

"हितं तरी काय न्हाऊन राहिले व्हय म्या? पातेलं न्हाई तर भाकर बी न्हाई. तुमचं फुकटचं मला चालत न्हाई."

विमलने शेजारी दुसरं गाठोडं बांधायला घेतलं. त्यात तिची लुगडी होती. (माझा एक सदराही होता, पण तो तिने बाहेर काढून माझ्या अंगावर फेकला.) खरं सांगतो, त्या वेळी मला रडू आलं.

मामींनी आणलेले मुरमुरे अजून शिल्लक होते. दुष्काळात अन्न टाकणं हे पाप, म्हणून त्यांनी शेवटची सुशीला केली. एस.टी. बागेसमोरूनच सुटायची. दोन गाठोडी, एक पातेलं, दोन बायका आणि मागून सदरा हातात घेऊन मी, अशी आमची वरात फाटकासमोर येऊन बसली. बागेत शिरायला बंदी होती, फाटकाबाहेर बसायला नव्हती. मामींनी येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातावर फुकट सुशीला ठेवायला सुरुवात केली.

नेमकी त्याच संध्याकाळी साहेबांची जीप आली. साहेब सपत्नीक आले होते. वहिनी गावात नव्याच होत्या, बाग पहिल्यांदाच बघत होत्या. साहेब त्यांना मोठ्या अभिमानाने दाखवत होते, हे कारंजं, ही नियमांची पाटी. मी विमलच्या मागे लपायचा प्रयत्न केला, पण त्या दिवशी विमल मला आडोसा द्यायला तयार नव्हती.

मकबूल पुढे झाला. "नाम क्या, बाईसाब?"

"अरे मूर्खा, या माझ्या मिसेस आहेत," साहेब म्हणाले.

पण वहिनी पाटीसमोर थांबल्या होत्या. त्यांनी ती वरपासून खालपर्यंत वाचली. मग नवऱ्याकडे वळून अगदी शांतपणे विचारलं, "अहो, माझं माहेरचं नाव काय?"

"वसुंधरा."

"ते तुम्ही ठेवलंत. तांदळात अंगठीने लिहून. त्याआधीचं?"

साहेब आठवू लागले. त्यांच्या कपाळावर जी आठी पडली, ती फायलीवरसुद्धा कधी पडली नव्हती.

"आठवत नाही ना? पाटीवर लिहिलंय. वाचा."

साहेबांनी पाटी वाचली. आपणच लिहिलेली पाटी माणूस एवढ्या लक्षपूर्वक वाचताना मी पुन्हा पाहिलेला नाही.

"अगं, ही सुशीला वेगळी," साहेब कसेबसे म्हणाले. "ही आमच्या या सूर्यवंशींनी घरात ठेवलेली बाई आहे."

फाटकापाशी निदान पन्नास माणसं असतील. शंभर डोळे माझ्याकडे वळले. त्यातले दोन विमलचे होते, आणि बाकीचे अठ्ठ्याण्णव मला त्यापुढे मवाळ वाटले.

"कोण ठेवलीया?" विमलने विचारलं.

"अगं, नाही... साहेबांना वाटलं..."

मामी उठल्या. पातेलं उचलून त्यांनी साहेबांच्या अगदी नाकाखाली धरलं आणि झाकण काढलं. "ही बगा साहेब, सुशीला. हिला बागेत घ्यायची न्हाई म्हंता नव्हं?"

साहेबांनी पातेल्यात बघितलं. वाफेने चष्मा धुरकट झाला. त्यांनी तो काढला आणि उघड्या डोळ्यांनी पुन्हा बघितलं.

"हे... मुरमुरे आहेत."

"मग काय पैठणी नेसून येणार व्हती व्हय?"

हसू आधी वहिनींना फुटलं, मग साऱ्या फाटकाला. वहिनींनी तिथेच हातावर सुशीला घेतली, खाल्ली, आणि पुन्हा हात पुढे केला. "माझ्या नावाचं एवढं चवदार काही असेल असं वाटलं नव्हतं," त्या म्हणाल्या. तिसऱ्यांदा हात पुढे करताना त्यांनी साहेबांकडे बघून सांगितलं, "पाटी उद्या बदला."

साहेब तसे न्यायी माणूस. पण पन्नास माणसांसमोर हसं झालेल्या न्यायी माणसाला आपला न्याय कुठेतरी दाखवावाच लागतो. त्यांनी पातेल्यात बोट घालून बघितलं, पाणी लागलं नाही, तेव्हा सुशीला कोरडी ठरली. ओल्या-कोरड्याचा निकाल लागला. मग ते खाकरून म्हणाले, "बाई, तुम्हाला बागेत कायम जागा मिळेल. पण एक नियम आहे. पालिकेत तुमचा कुणी नातेवाईक नोकरीला आहे का?"

सगळ्या गावाला माहीत होतं. मी ठरवलं, आता खरं बोलायचं. जे होईल ते होईल. दोन गाठोडी बांधून झालीच आहेत, आणखी काय व्हायचंय?

मी पुढे झालो. "मामी, थांबा, मी सांगतो. साहेब, या माझ्या..."

"मामी?" साहेबांनी भुवई उचलली.

"समदं गाव मामीच म्हंतंय मला," मामी तोडून बोलल्या. "तुमी बी म्हणा साहेब, माझी ना न्हाई. ह्यो कोण, ते काय मला ठावं न्हाई."

"पण तुम्ही यांच्या घरात राहता ना?"

"किरायानं राहते. वसरीत."

साहेब विमलकडे वळले. "या तुमच्या भाडेकरू?"

विमलने पदराचं टोक तोंडात कोंबलं होतं. तिने ते काढलं, सख्ख्या मायेकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "हाव साहेब. किरायदारीन हाय. लई भांडखोर हाय, पर काय करावं?"

"मग हे सूर्यवंशी तुमच्यासाठी नियमात सूट मागत होते ते कशासाठी?"

मामींनी माझ्याकडे आपादमस्तक बघितलं. लग्नात औक्षण करतानासुद्धा त्यांनी मला इतक्या बारकाईने न्याहाळलं नव्हतं.

"त्याला सुशीलेचा नाद लागलाय, साहेब," त्या म्हणाल्या. "लई दिसांचा."

एस.टी. आली आणि रिकामीच गेली. दोन्ही गाठोडी घरी परत आली. पाटी बदलली. मामींना लिंबाखाली हक्काची जागा मिळाली, तीही साहेबांच्या सहीने. मी बाकी सगळं विसरून देवासमोर नारळ फोडला. (त्यातलं पाणी विमलने वाटीत धरून घेतलं.) मामी लोह्याला जाणार नव्हत्या, हे मला पुरे होतं.

फक्त एक झालं. साहेब आणि वहिनी आता रोज संध्याकाळी बागेत यायला लागले. मामींनी मला घरी बजावलं, "जावईबापू, तुमी बी रोज यावं. पैसं देऊन, रांगेत हुबं राहून. न्हाई तर साहेबाला सौंशय यील." घरी जावईबापू, तुमी, बसा, घ्या. बागेत मात्र मी कुणीही नव्हतो. मामी खरंतर फार मनापासून हे नाटक करत होत्या, आणि मला हळूहळू अशी शंका येऊ लागली, की त्यांना ते आवडतंय. लग्न झाल्यापासून जावयाचा मान राखताना त्यांच्या पोटात जे जे साचलं असेल, ते बाहेर काढायला पालिकेनेच परवाना दिला होता.

एक दिवस रांगेत माझ्या मागे स्वतः साहेब उभे होते. माझा नंबर आला. मामींनी मला सुशीला वाढली. वाढली म्हणजे कागदाला दाखवली. आणि बघतो तर माझ्या मागच्या साहेबांसाठी उलथणं डोंगर उचलून तयार. मला राहवलं नाही. मी खाली वाकून, आवाज चोरून म्हणालो, "मामी, मला जरा जास्त घाला की."

मामींनी उलथणं पातेल्यावर आपटलं, कमरेवर हात ठेवला, आणि शेवटच्या माणसापर्यंत ऐकू जाईल असं विचारलं, "का रं? तू माझा कोण लागतोस?"

सगळी रांग माझ्याकडे बघू लागली. साहेबही उत्तराची वाट बघत थांबले. उत्तर मला येत होतं, पण ते नियमात बसत नव्हतं.